इनायत मिस्त्रीचं नख

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. वरूडच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, मग लग्न झालं आणि पाटी सुटली. ही पानं कोणाच्या हाती पडलीच तर त्याने चुका पोटात घालाव्या. तशी कोणी वाचावी म्हणून मी लिहीत नाही. दार आतून लावून बसले आहे.

काल शेजारी बसायला गेले, तर तिथल्या नव्या सुनेने जर्मनच्या पातेल्यात धुण्याचा सोडा टाकला आणि ते चुलीवर ठेवलं. तळाशी दूध करपलं होतं, ते सुटावं म्हणून. पाणी फसफसायला लागलं. मी उठले, पदराने पातेलं उतरवलं, पाणी मोरीत ओतलं आणि जाग्यावर येऊन बसले. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. "जर्मनला सोडा चालत नाही," एवढंच मी म्हटलं. आजकाल त्याला अॅल्युमिनियम म्हणतात, पण आमच्या तोंडी जर्मनच.

तेव्हापासून इनायत मिस्त्री डोक्यात आहेत. दुःख होतं असं नाही. राग तर नाहीच. पायाला मुंग्या आल्यावर पाय आहे एवढंच कळतं, तसं काहीतरी. लिहिलं तर उतरेल असं वाटलं.

आमचं घर अकोल्याला, मुर्तिजापूरच्या रस्त्याला लागून. पुढे मोठं अंगण, अंगणात कडूनिंब, निंबाखाली आमची मोटर. माझ्या मालकांनी, म्हणजे पुंडलिकरावांनी, वरूडची वाट्याला आलेली संत्र्याची बाग विकली, माझ्या पाटल्या मोडल्या आणि ही जुनी प्रवासी मोटर घेतली. सकाळी अकोल्याहून अमरावतीला जायची, सांजेला परत यायची. चालवायचे तेच. परमिट नागपूरच्या सरकारचं, ते एका डबीत देवाजवळ ठेवलेलं असे. घरात माणसं तीन. मालक, सासूबाई आणि मी. मूल झालं नाही. मोटर चालली की घर चाले.

मोटर निळा धूर सोडायला लागली, तेल प्यायला लागली, की मिस्त्री येत. आधी सायकलची घंटी वाजे, मग खाकरणं, मग सासूबाईंचा आवाज, "आला बापा कारखाना." मी माजघराच्या दारामागे जाई. बाहेरच्या माणसासमोर यायची मला लाज वाटे, अजूनही वाटते. दाराला एक फट होती. मिस्त्रींना मी जेवढं पाहिलं ते बहुतेक त्या फटीतूनच.

उंच माणूस, पण वाकलेला. दाढी मेंदीने तांबडी. पायजमा मुळात कोणत्या रंगाचा होता ते सांगता येणार नाही. आणि डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख वाढवलेलं, चांगलं बोटाच्या पुढे आलेलं. त्या नखावर एक चामड्याची टोपी असे, दोऱ्याने बांधलेली. जेवताना, सायकल चालवताना, मशिदीत जाताना, कायम. टोपी काढायची ती फक्त पिस्टन पाहायला.

पिस्टन म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. इंजिनाच्या नळकांड्यात वरखाली धावणारा डबा, उपडा पेला म्हणा. आमच्या मोटरीत असे चार. धावून धावून ते झिजतात, त्यांच्यावर काजळी बसते, अंगावर चरे पडतात. मग ते बाहेर काढायचे, धुवायचे आणि अजून किती दिवस चालतील ते पाहायचं.

मिस्त्री निंबाखाली गोणपाट अंथरत. चारही पिस्टन काढून ओळीने मांडत, पहिला उजव्या गुडघ्याशी. ही ओळ कोणी मोडायची नाही. मालकांनी एकदा चुकून दुसरा उचलून चौथ्याजवळ ठेवला तर मिस्त्री ओरडले, "अरे, ठेव तथीच! ज्याचं घर त्याले. दुसऱ्याच्या घरात घातला तर नांदत नाई तो, भांडते."

सासूबाई ओसरीवर वाती वळत होत्या. म्हणाल्या, "आमच्या घरात घातली तेबी बोलत नाई न भांडत नाई. तिले पाय बरं एकदा, झिजली हाय का काजळी बसली."

मी दारामागे होते. मिस्त्री माझ्या दिशेला न बघता म्हणाले, "ते नवी हाय माय. नवं इंजिन आवाज करत नाई."

"नवी कायची. चार वर्सं झाले."

"मंग तुमच्यापुढं आवाज निघत नसन."

सासूबाई हसल्या. त्या हसल्या की अख्ख्या हलत.

परातीत रॉकेल घेऊन मिस्त्री एकेक पिस्टन धूत. वरची काजळी लाकडाच्या पातीने खरवडत, लोखंडाने कधीच नाही. पिस्टनच्या अंगावर कड्या बसवायच्या खाचा असतात. त्यात घट्ट झालेला मळ ते तुटक्या जुन्या कडीच्या टोकाने काढत, कानातला मळ काढावा तितक्या हलक्या हाताने. आणि धुऊन होईपर्यंत पिस्टनकडे नीट बघतही नसत. मान जरा वळवून काम करत. "मैलात कोनाचं तोंड पाहू नये. आंघोळ झाली का पाहावं," असं त्यांचं म्हणणं.

मग धुतलेला पिस्टन आपल्या खांद्यावरच्या फडक्याने पुसायचा. मग टोपीचा दोरा दातांनी सोडायचा. मग डोळे मिटून ते नख पिस्टनच्या अंगावरून गोल फिरवायचं, वरून खाली, परत गोल. जिथे नख अडेल तिथे थांबायचं. त्या वेळी सासूबाईसुद्धा बोलत नसत. ते झालं की पिस्टनच्या पोटातून आरपार जाणाऱ्या लोखंडी खिळ्यात बोट अडकवून तो टांगायचा आणि हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकून कानाशी न्यायचा. चिरलेला असला तर ठस वाजतो. चांगला असला तर आवाज थोडा वेळ राहतो. फटीपर्यंत यायचा तो आवाज.

मग निकाल. मालकांना म्हणत, "पुंडलिक, नाल्याच्या चढावर तू गाडीले पेट्रोल देते का शिव्या?"

"काहून चाचा?"

"तिसऱ्याच्या एकाच बाजूले घास पडला. तू मोठ्याच गेरात रेटून राहिला तिले. गेर बदलाले हात दुखते का?"

"पाशिंजर घाई करते न चाचा."

"पाशिंजर उतरून जाते बाबू. पिस्टन कुठं उतरन?"

मालक मान खाजवत. ते कोणावर चिडत नसत. मिस्त्रींचं बोलणं ऐकून घ्यायला त्यांना आवडे असं मला वाटे. त्यांचे वडील लहानपणीच वारले होते.

मिस्त्री बढाईखोर होते, हेही लिहायला हवं. मुर्तिजापूरला सरकी काढायच्या कारखान्यात तेलाचं मोठं इंजिन होतं, तिथे त्यांची उमर गेली होती. तिथला पिस्टन एवढा मोठा होता की त्यात बकरी बसायची, असं ते सांगत. "मंग तू नाई बसला त्यात?" सासूबाई विचारत. मग ते म्हणत, आपण नखाने केसाइतकी झीज ओळखतो, एवढं नख वऱ्हाडात दुसरं नाही. "अन् रात्री निजल्यावर मोडलं तर?" "मोडन कसं? मी त्याच्यासाठी एकाच कुशीवर निजतो."

एकदा ते चहासाठी ओसरीला टेकले होते. सासूबाईंनी बाजारातून नवा रांजण आणला होता, त्याचं हळदकुंकू करून पाणी भरलं होतं. मिस्त्रींनी जाता जाता बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "माय, हा चिरला हाय."

"तुया तोंडाले काही हाय का नाई? आजच आणला!"

"मी सांगतलं. पुढं तुमी पाहा."

दुसऱ्या दिवशी रांजणाखाली ओल दिसली. चार दिवसांत तो रिकामा झाला. सासूबाई पुढचं वर्षभर सांगत होत्या की मिस्त्रीनेच टिचकी मारून तो फोडला. त्यानंतर मिस्त्री आले की त्या नव्या रांजणापुढे जाऊन उभ्या राहत, आणि चहा संपेपर्यंत हलत नसत.

त्यांची आणखी एक पद्धत होती. मोटरीचा जो भाग बदलला तो जुना भाग फडक्यात बांधून ते उंबऱ्यावर ठेवून जात. "जुना माल गिऱ्हाइकाचा," म्हणत. मिस्त्रीने जुना माल विकून पैसा केला असं कोणी म्हणू नये म्हणून. आमच्या माळ्यावर अशा जुन्या कड्या, वायसर, खिळे साठले होते. सासूबाई कड्यांत लसणाच्या जुड्या अडकवत.

मग लढाई सुरू झाली. पहिली वर्षं आम्हाला फारसं कळलं नाही. नंतर पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं. मोटरीचे सुटे भाग येणं थांबलं, सगळं लष्कराला जाई. रॉकेल तर कंदिलापुरतंही मिळेना. मोटर धूर सोडत होती. मालक म्हणाले, "चाचा, हे पिस्टन आता जितके दिवस चालतीन तितके चालवाचे. दुसरे नाई भेटत."

मिस्त्री म्हणाले, "चालवतो न. साफ करतो अन् माह्यापाशी उरलेल्या कड्या टाकतो. काढन एक वर्ष."

तो जुम्म्याचा दिवस होता. मालक पेट्रोलच्या चिठ्ठीसाठी कचेरीत गेले होते. सासूबाई अमरावतीला बहिणीकडे गेल्या होत्या. मिस्त्रींनी सकाळी पिस्टन काढले आणि परातीत ओतायला रॉकेल नव्हतं. ते काही अडले नाहीत. कारखान्याच्या इंजिनाचे पिस्टन ते कास्टिक सोड्यात उकळून काढत, साबणवाले वापरतात तो. त्यांनी तो सायकलच्या पिशवीतून आणलाच होता. तीन दगड मांडले, तेलाचा रिकामा डबा चढवला, पाणी, सोडा, आणि चारही पिस्टन आत.

पाणी तापायच्या आधीच डब्यातून फेस वर आला. सूं सूं आवाज येत होता. मिस्त्री खूश झाले. दाराकडे पाठ करून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाय सूनबाई, कसा मैल पळून राहिला! रॉकेलमधी दिवस गेला असता." मी फटीतून पाहिलं. फेस काळा होता, डब्यावरून खाली सांडत होता. मला वाटलं, मैलच असेल. घरात जर्मनचं एकच पातेलं होतं, दुधाचं, आणि त्याला सासूबाई दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. मी पितळ घाशी. मिस्त्रींच्या घरी सगळी भांडी तांब्याची, कलई केलेली.

त्यांनी जाळ थोडा कमी केला आणि ते नमाजाला गेले.

परत आले तेव्हा फेस बसला होता. चिमट्याने पहिला पिस्टन काढला, पाणी ओतून धुतला, फडक्याने पुसला. टोपीचा दोरा दातांनी सोडला. डोळे मिटून नख ठेवलं.

नख फिरलंच नाही. जिथे ठेवलं तिथेच राहिलं.

त्यांनी डोळे उघडले. मला फटीतूनही दिसलं. पिस्टनचं अंग वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखं झालं होतं. कड्यांच्या खाचा फाकल्या होत्या, कडा पातळ होऊन गेल्या होत्या. मधला लोखंडी खिळा मात्र चांदीसारखा चकाकत होता. कारखान्याचे पिस्टन लोखंडाचे होते, त्यांना सोड्याने काही होत नव्हतं. आमचे जर्मनचे होते. ते हलके आहेत हे मिस्त्रींना ठाऊक होतं. सोडा त्यांना खातो हे ठाऊक नव्हतं, कारण रॉकेल असताना सोड्याची वेळच आली नव्हती.

त्यांनी बाकीचे तीनही काढले. धुतले. पुसले. गोणपाटावर ओळीने मांडले, पहिला उजव्या गुडघ्याशी. मग तिथेच बसून राहिले. त्यांनी पाणीही मागितलं नाही, आणि मी नेऊन दिलं नाही. बाहेर जायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

मालक आले. त्यांनी एक पिस्टन हातात घेतला, फिरवून पाहिला. मग म्हणाले, "जाऊ द्या चाचा."

"काय जाऊ द्या? कुठं जाऊ द्या?" मिस्त्रींचा आवाज चढला. मालक तोंड वळवून मोटरीकडे गेले.

सांजेला मिस्त्रींनी चारही पिस्टन फडक्यात बांधले आणि उंबऱ्यावर ठेवले. "जुना माल गिऱ्हाइकाचा," म्हणाले. मग म्हणाले, "पुंडलिक, या चौघाईचे पैसे माह्यावर. जुन्याचे नाई. आज चोरबाजारात नवे जेवढ्याले भेटतीन तेवढे."

"भेटत असते तर न चाचा."

"भेटो का नाई भेटो. भाव तोच."

दोन दिवसांनी सासूबाई आल्या. त्यांनी गाठोडं सोडून पाहिलं. मिस्त्री त्या दिवशी सायकल घेऊन अंगणात उभे होते, पिस्टन शोधायला अमरावतीला निघायचं म्हणून मालकांना घ्यायला आलेले. सासूबाई म्हणाल्या, "मिस्त्री, जर्मनच्या भांड्याले कोनी सोडा लावते का? मले इचारलं असतं तर मी सांगतलं असतं. कोनत्याबी बाईले इचारलं असतं तरी सांगतलं असतं."

मिस्त्री वाकून सायकलच्या चाकातली हवा पाहू लागले.

अमरावतीला पिस्टन मिळाले नाहीत. तिथल्या दुकानदाराने, म्हणे, रिकाम्या फळ्या दाखवल्या. नागपूरलाही माणूस धाडून पाहिला. मोटर निंबाखाली उभी राहिली, तिच्यावर निंबोळ्या पडत राहिल्या. गाडी धावत नाही म्हणून परमिट दुसऱ्याला गेलं. मालकांनी टायर विकले, मग बाकडी विकली. मग एक दिवस सांगितलं की लष्कराला लारी चालवणारे हवे आहेत आणि आपण नाव दिलं आहे. जाताना सासूबाईंच्या पाया पडले. माझ्याकडे बघून, "बरं," म्हणाले. मी पण बरं म्हटलं.

स्टेशनवर पोचवायला मिस्त्री गेले होते. तिकडून ते सरळ आमच्याकडे आले आणि उंबऱ्यावर पैशाची पुरचुंडी ठेवली. पहिला हप्ता. तेव्हा मला दिसलं, डाव्या अंगठ्याचं नख कापलेलं होतं. अंगठा लहान मुलाच्या अंगठ्यासारखा दिसत होता, त्या नखाखालची कातडी पांढरी होती. सासूबाईंनीही पाहिलं. त्या म्हणाल्या, "चहा घेऊन जाय."

मिस्त्रींनी मोटरीचं काम सोडलं. अमरावतीला विधवा बहिणीकडे राहायला गेले आणि रस्त्याच्या कडेला बसून कंदील, कुलपं, स्टो दुरुस्त करू लागले. महिन्याच्या महिन्याला सायकलवर, वाटेत मुक्काम करून अकोल्याला येत, पुरचुंडी ठेवत, चहा पिऊन जात. आमचं घर तेव्हा त्या पैशांवर आणि मालकांच्या मनीऑर्डरीवर चाललं.

मालक परत आले नाहीत. तार आली. पोस्टमनने वाचून दाखवली. आसामकडे तापाने गेले. मी रडले नाही असं बायका म्हणत होत्या. असेल. मला त्या दिवसातलं एवढंच आठवतं की चुलीवर वरण होतं आणि ते कोणीतरी उतरवलं.

त्या महिन्यातही मिस्त्री आले. त्यांना गावातच कळलं होतं. सायकल न वाजवता आले. सासूबाई ओसरीवर भिंतीला टेकून होत्या. त्या म्हणाल्या, "तुया सोड्यानं माहा पोरगा खाल्ला."

मिस्त्री उभे राहिले. मग उंबऱ्याशी वाकले, पुरचुंडी ठेवली आणि गेले. मला वाटलं, आता येणार नाहीत. पुढच्या महिन्याला आले. सासूबाईंनी तेच म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्याच्या पुढच्या महिन्याला आले तेव्हा पाऊस होता, ते भिजले होते. सासूबाईंनी त्यांच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "चहा टाक पोरी. याच्या कपात."

त्यांचा कप वेगळा होता. ओसरीच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला, तो ते स्वतः विसळून ठेवत. तेव्हा तशीच पद्धत होती. पुढे एक वर्षी तो कप मांजराने पाडला. सासूबाईंनी दुसरा आणला नाही. घरातल्या कपात चहा देऊ लागल्या.

याच सुमाराला सासूबाईंनी एक चाल सुरू केली. पुरचुंडीतून आठ आणे काढायचे आणि मिस्त्रींच्या हातावर टेकवायचे. "घे, मोटरभाडं. म्हातारा मानूस सायकलवर येशीन अन् मरशीन, पाप मले लागन." मिस्त्री घेत, पण म्हणत, "मंग आजचे आठ आणे कमी धरा. फिटले नाई ते."

"बरं, नाई फिटले."

"ध्यानात ठेवा."

"तूच ठेव. मले काय काम नाई?"

त्यामुळे फेड लांबतच गेली. मधे मिस्त्रींचं काम बसलं की पुरचुंडी लहान असे. पण आठ आणे काढले जातच. एखाद्या महिन्यात तर पुरचुंडीत जेमतेम आठ आण्यांच्या वर काही असायचं. सासूबाई तरी काढत.

एकदा सासूबाई मला अमरावतीला अंबादेवीला घेऊन गेल्या होत्या. परत येताना रस्त्याच्या कडेला मिस्त्री बसलेले दिसले, पुढे कंदिलांच्या काचा मांडलेल्या. एक ड्रायव्हर त्यांच्यापुढे उकिडवा बसून पिस्टन दाखवत होता. "चाचा, फक्त एक नख लावून सांगा. चालन का नाई?" मिस्त्री काच पुसत होते. म्हणाले, "मी कंदीलवाला हाय बाबू." ड्रायव्हरने पिस्टन त्यांच्या मांडीवरच ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, त्याच्या गुडघ्याशी परत ठेवला आणि हात पायजम्याला पुसले. सासूबाई मला म्हणाल्या, "चाल, त्याले दिसू नको." आम्ही दुसऱ्या बाजूने गेलो.

पाकिस्तान झालं त्या वर्षी लोक त्यांना विचारत. आमच्या अंगणातही एकाने विचारलं, "मिस्त्री, तुमी नाई जात का?" मिस्त्री म्हणाले, "माह्यावर कर्ज हाय. कसा जाऊ?" सासूबाई आतून ओरडल्या, "अन् ते फिटाचं नाई एवढ्यात!" त्यांची मुलगी हैदराबादेला दिली होती, ती बोलवत होती. बहीण वारली होती. तरी ते अमरावतीलाच राहिले.

मग सासूबाई गेल्या. झोपेत गेल्या. मिस्त्रींना कोणी कळवलं ते माहीत नाही. नेताना ते रस्त्याच्या पलीकडे उभे होते, डोक्यावर फडकं घेऊन. पुढच्या महिन्याला आले. मी दारामागे होते, आता बाहेर बोलणारं कोणी नव्हतं. त्यांनी पुरचुंडी ठेवली. मी चहा उंबऱ्यापर्यंत सरकवला. ते प्यायले. मग थोडा वेळ बसून राहिले. आठ आणे द्यायचे असतात हे मला ठाऊक होतं. पण परक्या माणसाच्या हातावर पैसे मी कधी टेकवले नव्हते. ते उठून गेले.

तेव्हापासून फेड भराभर झाली.

शेवटच्या वेळी ते आले तेव्हा ऊन उतरलं होतं. निंबाखाली मोटर नव्हती, तिचा सांगाडा भंगारवाल्याने कधीच नेला होता. मिस्त्रींची दाढी पांढरी झाली होती, मेंदी लावणं सोडलं होतं. पुरचुंडी ठेवून म्हणाले, "सूनबाई, आज झाले पुरे."

मी आत गेले, माळ्यावर चढले. फडक्याचं गाठोडं तसंच होतं. ते आणून मी उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं. त्यासाठी मला दाराबाहेर यावं लागलं.

"हे कायले? जुना माल गिऱ्हाइकाचा."

"तुम्ही पैसे दिले," मी म्हटलं. "आता तुमचे."

त्यांच्याशी मी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य ते. त्यांनी गाठ सोडली. एक पिस्टन घेतला. अंगठा कडेवर गेला, नख नव्हतं, नुसती कातडी फिरली. मग त्यांनी खिळ्यात बोट अडकवून तो टांगला आणि टिचकी मारली. कान जवळ नेला. परत मारली.

"मले आता कमी आयकू येते," म्हणाले. "कसा वाजला?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं.

"चांगला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. गाठोडं बांधलं, हैदराबादेला मुलीकडे चाललो म्हणाले, आणि उठायला लागले. उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी पुरचुंडी उचलली, सोडली आणि त्यातून आठ आणे काढले. हात पुढे केला. त्यांनी घेतले असते तर आठ आणे फिटायचे राहिले असते, आणि ते द्यायला त्यांना पुन्हा यावं लागलं असतं.

मिस्त्रींनी हाताकडे पाहिलं.

"नको देऊ सूनबाई," म्हणाले. "मी थकलो आता."

ते अंगणातून गेले. गाठोडं जड नव्हतं, जर्मनचंच होतं, तरी ते एका बाजूला झुकून चालत होते. जाताना त्यांनी फाटक ओढून घेतलं. मी आठ आणे बाकीच्या पैशांत टाकले, पुरचुंडी डब्यात ठेवली, डब्याला झाकण लावलं. चार पिस्टनचे पैसे पुरते फिटले.